पुलाच्या कामाची पेटी

केशोरीच्या आमच्या घरी उन्हाळा लागला की बाबा शेतातून उठत आणि सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, खोके करायला बसत. सुतारकी हा आमचा धंदा नव्हे. आम्ही कोहळी, धान आणि तलाव एवढंच आमच्या घराण्याला ठाऊक. पण बाबांना तरुणपणी नाटकाचं वेड होतं. मंडळ्यांबरोबर गावोगाव हिंडताना त्यांनी पाहिलं होतं की हार्मोनियम आणि तबले वाजवून खराब होत नाहीत, ट्रकमध्ये आदळून होतात. तेव्हापासून ते वाद्यांसाठी लाकडी खोके करू लागले. वाद्य आत ठेवलं, झाकण लावलं आणि खोका हलवून कानाशी धरला तर आतून काहीही ऐकू येता कामा नये, ही त्यांची परीक्षा. आत काय आहे हे खोक्यानं बोलूच नये, असं ते म्हणत.

खोक्यांना आतून लावायचं कापड शिवायचं काम माझं होतं. मायची पायाची मशीन खिडकीपाशी असे. मखमल कुठून येई तर नाटकवाल्यांकडूनच. राजाचा अंगरखा फाटला की तो आमच्याकडे येई आणि तबल्याखाली अंथरला जाई. सपरीत सावरीच्या लाकडाचा भुसा, सरसाचा वास, आणि चुलीवरून येणारा लाखोरीच्या डाळीला दिलेल्या लसणीच्या फोडणीचा वास, हे तिन्ही एकत्र येत. माय दुपारी कण्या शिजवी, पाट्यावर जवसाची चटणी वाटी, आणि तलावातलं पाणी उतरलं की मासोळ्या स्वस्त होत म्हणून रोज कुणी ना कुणी टोपली घेऊन दारात उभं राही. मी आता अर्जुनीला असते, शाळेत शिकवते, घरात मिक्सर आहे. जवसाची चटणी त्यात होते, पण पाट्यावर वरवंटा घासल्याचा तो खरखर आवाज नसल्यानं मला ती कायम अर्धवट वाटते.

माझा भाऊ मनोहर माझ्याहून चार वर्षांनी मोठा. दादा गोंदियाला खोली करून राहत होता, आयटीआयमध्ये फिटरचं शिकत होता. पोळ्याला घरी आला तेव्हा त्यानं जेवता जेवता सांगितलं की शिकणं सोडलं आणि काम धरलं. बाबांचा हात ताटातच थांबला.

"कोणतं काम?"

"पूलवर," दादा म्हणाला. "पूलवर लागलो मी. साहेब चांगला हाय."

बाबांनी पुढचा घास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग ओसरताना मी पाहिला. त्या साली आमच्या भागातल्या एका नदीवर मोठा पूल व्हायचा होता, आणि त्याची चर्चा प्रत्येक बस थांब्यावर होती. शिक्षण सोडलं हे वाईटच, पण पूल म्हणजे पूल. आमच्या पणजोबांच्या पणजोबांनी गावचा तलाव बांधला असं घरात सांगितलं जाई. पाण्याला कुठं अडवायचं आणि कुठून जाऊ द्यायचं हे आमच्या लोकांना कळतं, असा बाबांना अभिमान होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, गेले आणि तिथं बसलेल्या चारचौघांना म्हणाले, "मनोहर पुलाच्या कामावर लागला." मी पाणी भरायला गेले होते, ते मी ऐकलं. दादाही तिथंच, चार पावलांवर उभा होता. तो काही बोलला नाही. खाली पाहून चपलेनं माती सारखी करत राहिला.

आज मला त्या एका गोष्टीचं नवल वाटतं. दादा "पूलवर" म्हणाला होता, "पुलावर" नव्हे. आम्हाला ते खटकलंसुद्धा नाही. गोंदियात राहून पोरगं अर्धं हिंदी बोलायला लागलं, एवढंच आम्ही धरलं.

त्यानंतर सहासात महिने तो येई तेव्हा बाबा पुलाचं विचारत. किती खांब उभे झाले, पाया किती खोल गेला. दादा म्हणे, "सुरू हाय," किंवा "साहेबाले मालूम," आणि मायकडे भात मागे. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, पण स्वच्छही वाटत नव्हतं. बांधकामावर जाणाऱ्या माणसाचे हात मला ठाऊक होते. दादाचे हात घरी असताना होते त्यापेक्षा मऊ झाले होते. त्याच्या डाव्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात निळसर डाग असे, धुतला तरी न जाणारा. मी विचारलं तर म्हणाला, "खडू हाय." पुलाला खडू कशाला लागतो हे मी विचारणार होते, पण तो उठून गेला.

मग उन्हाळ्यात एका दुपारी तो बसनं आला, आणि त्याच्या खांद्याला एक लांबट काळी पेटी होती. रेक्झिनची, कडांना पांढऱ्या पत्र्याच्या पट्ट्या, माझ्या हातापेक्षा बरीच लांब आणि अरुंद. सपरीत बाबांपुढे ठेवून त्यानं ती उघडली. आत चार काठ्या होत्या. दोन जाड, दोन बारीक. जाड काठ्यांना खाली दोरा गुंडाळल्यासारखी मूठ आणि वरच्या टोकाला पितळी पेच. बारीक काठ्या निमुळत्या, गुळगुळीत, त्यांच्या जाड टोकाला जोडीचा पितळी पेच, आणि बारीक टोकाला पांढरं टोपण आणि त्यावर चामड्याची एक चकती, चार आण्याच्या नाण्याहून लहान. पेटी ह्या काठ्यांसाठी केलेली नव्हतीच. जाड काठ्या वर उचलल्या जात आणि झाकण त्यांच्यावर दाबून बसे. बारीक काठ्या मात्र आपल्या खाचांत खुळखुळत. लांबीलाही जागा कमी पडत होती, त्यामुळे चामड्याची टोकं पेटीच्या भिंतीला भिडून चपटी होऊ लागली होती.

"साहेबाचं सामान हाय, बाबा. पूलचं," दादा म्हणाला. "जुनी पेटी वाळवीनं खाल्ली. हे दुसरी घेतली, पण यात बसून नाई रायलं. नागपूरले न्यायचं हाय. एका काठीले बाक आला का ते कामातून गेली."

बाबांनी एक बारीक काठी उचलली, डोळ्याशी धरली आणि तिच्या लांबीवरून एक डोळा मिटून पाहिलं.

"सरळ हाय," ते म्हणाले. "कायच्या लाकडाची?"

"बाहेरचं लाकूड हाय."

"आन याच्यानं काय करते तुमचा साहेब?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी मशीनवर बसले होते. "नेम धरते," तो म्हणाला. आणि मग लगेच, "मले बस हाय. पुढच्या सोमवारी येतो न्यायले."

तो गेल्यावर बाबा कितीतरी वेळ त्या काठ्यांकडे पाहत बसले. मग मला समजावू लागले. पुलाचा खांब सरळ उभा झाला की नाही हे पाहायला साहेब लोकांना नेम धरावा लागतो. ही काठी पेचानं जोडायची, डोळ्याशी लावायची. चामडं कशाला, मी विचारलं. बाबांनी चकतीवरून बोट फिरवलं. "दगडावर टेकवली का टोक झिजू नाई म्हनून," ते म्हणाले. आणि पेटीच्या कोपऱ्यात ही निळ्या खडूची चौकोनी ढेकळं कशाला? "खुणा कराले." सगळ्याला उत्तर होतं आणि तरी माझ्या डोक्यात ते एकत्र बसत नव्हतं. मी मायला चुलीपाशी जाऊन विचारलं, "माय, दादा खरंच पुलावर हाय का?" मायनं फुंकणी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुह्या बाबाले इचार ना. मले कायले इचारतं?" तिला काही ठाऊक होतं की काही ठाऊक करून घ्यायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं नाही.

पहिले दोन दिवस बाबांनी अवजाराला हात लावला नाही. बांबूच्या कामटीवर काठ्यांची लांबी, जाडी, कुठून कुठं निमुळती होते, त्या सगळ्याच्या खुणा करून घेतल्या. तिसऱ्या दिवशी पेटीतला सगळा स्पंज खरवडून काढला. स्पंजवर त्यांचा राग होता. जिथं भार पडतो तिथंच तो बसतो, मग वर्षभरानं खड्डा पडतो आणि काठी त्या खड्ड्यात वाकते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सावरीच्या हलक्या लाकडाच्या पाच आडव्या पट्ट्या केल्या, आणि प्रत्येक पट्टीत चार अर्धगोल खाचा कोरल्या. प्रत्येक खाच वेगळ्या मापाची, कारण काठी जागोजागी वेगळ्या जाडीची. मी त्या खाचांना जांभळी मखमल लावली. ती एका राजाच्या अंगरख्याची होती, घामाचा वास अजून येत होता, म्हणून मायनं ती दोनदा धुऊन दिली.

झाकणाच्या आत मी सावरीचा कापूस भरून पाच लहान उशा शिवल्या आणि त्या बरोबर त्या पाच पट्ट्यांच्या वर येतील अशा बसवल्या. खालून आधार आहे तिथंच वरून दाब आला पाहिजे, मधे कुठं नको, हे बाबांनी मला तीनदा सांगितलं. मी दोन उशा बोटभर सरकवून लावल्या होत्या. त्या त्यांनी उसवायला लावल्या. पितळी पेच शेजारच्या काठीला ओरखडू नयेत म्हणून बांबूच्या पेऱ्यांच्या टोप्या केल्या. लांबीसाठी टोकाची जाड फळी काढून तिथं पातळ बसवली, आणि चामड्याच्या टोकासमोर पोकळी ठेवली, म्हणजे टोक कशालाच टेकणार नाही. काठी पेचाच्या बाजूनं अडकून राहील, टोकाकडून नाही. मग त्यांनी खडूची दोन ढेकळं घेतली आणि कोपऱ्यात त्यांच्यासाठी दोन चौकोनी खड्डे कोरले. मी विचारलं, एवढ्याशा खडूला एवढं काय? "त्याचंबी सामान हाय," बाबा म्हणाले. "खुळखुळला तं आवाज होते."

कुठं घासतं हे पाहायला त्यांनी त्याच खडूची भुकटी खाचांत शिंपडली, काठ्या ठेवल्या, पेटी हलवली आणि काढून पाहिलं. जिथं निळं लागलं तिथं कानशीनं एक हात फिरवला. शेवटची परीक्षा मात्र त्यांनी माझ्यावर सोपवली. टोकाच्या पोकळीत त्यांनी चार मुरमुरे ठेवले, पेटी माझ्या सायकलच्या मागं बांधली आणि म्हणाले, "पारीवरून जाऊन ये. सावकास नको चालवू." पारीवरचा रस्ता म्हणजे गोटे आणि बैलांच्या खुरांचे वाळलेले खड्डे. मी जाऊन आले. उघडली तर मुरमुऱ्यांचा भुगा झालेला. बाबा तासभर पेटीशी बसले आणि मला तर वाटलं की सगळं पुन्हा करावं लागणार. शेवटी सापडलं, बांबूची एक टोपी पेचावर सैल होती आणि त्यामुळे काठी अर्धं बोट पुढं सरकत होती. टोपीला आतून मेण लावलं. मी पुन्हा गेले. या वेळी चारही मुरमुरे अख्खे होते. बाबांनी त्यातला एक उचलून तोंडात टाकला आणि पेटीचं झाकण लावलं.

सोमवारी दादा आला नाही. मंगळवारीही नाही. गावातल्या एकुलत्या फोनवर निरोप आला की तो तापानं पडला होता, आता बरा आहे, पण साहेबांना नागपूरला निघायचं आहे आणि पेटी अडकली. बाबांनी धुतलेला पायजमा-सदरा काढला. मला गोंदियाहून कॉलेजचा फॉर्म आणायचा होताच, म्हणून मी बरोबर निघाले. बसनं अर्जुनी, तिथून रेल्वे. पूर्ण वाट पेटी त्यांच्या मांडीवर आडवी. गाडीत समोरच्या माणसानं विचारलं, बासरीची आहे का? बाबा म्हणाले, "पुलाचं सामान हाय. पोरगा कामावर हाय तथी." त्या माणसानं मान हलवली आणि सरकून जागा दिली. मी खिडकीतून बाहेर पाहत होते. त्यांच्या आवाजात इतका सरळपणा होता की मला उगाच भीती वाटायला लागली, कशाची ते सांगता आलं नसतं.

गोंदियाला उतरल्यावर बाबांनी पहिल्याच पानठेल्यावर विचारलं, "पुलाचं काम कुठी सुरू हाय?" त्यानं रेल्वेवरच्या उड्डाणपुलाकडे बोट दाखवलं. आम्ही उन्हात तिथवर चालत गेलो. पूल जुना होता, पूर्ण होता, त्यावरून ट्रक जात होते. खाली एक म्हातारी चिंचा विकत बसली होती. बाबा पुलाखालच्या खांबांकडे पाहत उभे राहिले, जणू काम चुकून नजरेआड राहिलं असावं. मग त्यांनी खिशातला कागद काढला. दादाच्या निरोपातून फोनवाल्यानं उतरवून घेतलेला पत्ता होता, अर्धा समजण्यासारखा. एका रिक्षावाल्यानं तो वाचला.

"पूल जाना है? तो इधर कायको आए, काका?" तो म्हणाला. "वो गोलीवाला पूल. टेबलवाला. बैठो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला काहीच कळलं नव्हतं, त्यामुळे मी त्यांना काही मदत करू शकले नाही. आम्ही बसलो.

बाजारात एका लोखंडाच्या दुकानाच्या वर, अरुंद जिना चढून, एक लांब खोली होती. आत शिरताना मला आधी थंडावा लागला आणि मग आवाज ऐकू आला, एक टणक गोळी दुसरीवर आपटल्याचा, स्वच्छ आणि छोटा. मोठी चार टेबलं होती, हिरव्या कापडाची, प्रत्येकावर खाली सोडलेला दिवा. भरदुपारी आत दिवे लागले होते. मधल्या एका टेबलाशी दादा हातात ब्रश घेऊन कापड झाडत होता, एकाच दिशेनं, अगदी हळू, जसं माय देवघर पुसते तसं. त्यानं वर पाहिलं. ब्रश त्याच्या हातातच राहिला.

"बाबा," तो म्हणाला.

आतून एक उंच म्हातारा गृहस्थ आला. पांढरी दाढी, स्वच्छ शर्ट. सगळे त्याला मास्टरजी म्हणत होते. त्यानं पेटी पाहिली, मग बाबांना पाहिलं, आणि दोन्ही हात जोडले. "आप मनोहर के पिताजी? आपने तकलीफ की. मैं इसी की राह देख रहा था." त्यानं पेटी टेबलाच्या कडेवर ठेवून उघडली. बराच वेळ आत पाहत राहिला. मखमलीवरून बोट फिरवलं, टोपी काढून पाहिली, खडूच्या खड्ड्यात खडू बसवून पाहिला. मग त्यानं झाकण लावलं, पेटी उचलून कानाशी नेली आणि हलवली. मी बाबांकडे पाहिलं. ते मास्टरजीच्या हातांकडे पाहत होते.

"आवाज नहीं," मास्टरजी म्हणाला.

त्यानं एक जाड आणि एक बारीक काठी काढून पेचानं जोडली आणि ती हिरव्या कापडावर आडवी ठेवून तळहातानं लोटली. काठी एकसारखी लोळत गेली, कुठंही न उडता. मग ती दादाच्या हातात दिली. "दिखाओ पिताजी को." दादानं मान हलवून नको म्हटलं. मास्टरजीनं ऐकलं नाही. दादानं काठीच्या टोकावरच्या चामड्याला निळा खडू घासला आणि तो वाकला. डाव्या हाताचा पंजा त्यानं कापडावर असा ठेवला की अंगठ्याच्या बेचक्यात काठी बसली, आणि तेव्हा मला तो निळा डाग कुठून आला ते कळलं. पांढरी गोळी गेली, दुसरीला लागली, दुसरी कोपऱ्याच्या भोकात पडली आणि पांढरी जिथं लागली तिथंच थांबली. बाबा टेबलाच्या लांबीवरून एक डोळा मिटून पाहत होते, जसे काठीवरून पाहत.

"लडके का हाथ अच्छा है," मास्टरजी म्हणाला. "चारों टेबल यही सँभालता है. नागपूर में खेलेगा भी."

बाबांना हिंदी समजे, बोलत कमी. ते म्हणाले, "पेटी धूप में मत रखना. उभी बी नाई. आडवी ठेवाची." एवढं सांगून त्यांनी हात जोडले आणि जिन्याकडे वळले. मास्टरजीनं चहा सांगितला होता, तो आला तेव्हा आम्ही रस्त्यावर होतो. दादा जिन्यापर्यंत आला. "शालू," तो मला म्हणाला, "बाबाले सांग ना..."

स्टेशनवर बाबांनी मला आलुबोंडा घेऊन दिला, स्वतः पाणी प्यायले. फॉर्म आणायचा राहून गेला, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. मी बरंच धाडस करून विचारलं, "बाबा, तुमाले मालूम होतं का?"

"गाडी कोन्या फलाटावर लागते ते पाय," ते म्हणाले.

मला वाटलं होतं की घरी वादळ होईल. काही झालं नाही. मायनं विचारलं, "भेटला का?" बाबा म्हणाले, "भेटला. बरा हाय." दुसऱ्या दिवशी पारीवर कुणी विचारलं, "पूल कुठवर आला, भाऊ?" तर मी स्वतः ऐकलं, बाबा म्हणाले, "सुरू हाय काम." मला काही उमजेना. इतके महिने दादा गप्प होता तेव्हा निदान एकच माणूस खोटं बोलत होता. आता खरं ठाऊक असलेला माणूस तेच बोलत होता, आणि मी दोघांच्या मधे घागर घेऊन उभी. दादावर रागवावं तर बाबाच रागवले नव्हते. बाबांची कीव करावी तर ते फसलेले दिसत नव्हते. मी मशीनवर बसले की टाके वाकडे जायचे. मुलं मला आता विचारतात की आजोबांना सुरुवातीपासून ठाऊक होतं का. मी त्यांना खरं तेच सांगते, की मला माहीत नाही. कधी वाटतं, ज्यानं आयुष्यभर वाद्यांसाठी खोके केले, त्याला त्या काठ्या खांब मोजायच्या नाहीत हे पहिल्याच दिवशी कळलं असणार. कधी त्या उड्डाणपुलाखाली उन्हात शोधत उभे राहिलेले बाबा आठवतात, आणि वाटतं, नाही.

दादा आला तो थेट रोवणीला, धानाच्या लावणीला. आमच्याकडे रोवणीला घरचा माणूस आला नाही असं होत नाही. तो पहाटेच्या बसनं उतरला, कपडे बदलून चिखलात उतरला आणि दिवसभर पेंढ्या फेकत राहिला. बायका गाणी म्हणत होत्या, मीही त्यांच्या ओळीत होते. दुपारी बांधावर भाकर खायला बसलो तेव्हा बाबा आणि तो शेजारी शेजारी बसले, आणि मायनं दोघांच्या हातावर चटणी ठेवली. दादानं भाकर मोडली, खाल्ली नाही.

"बाबा, मी पुलावर नाई," तो म्हणाला. "कधीच नव्हतो."

"मी पायलं ना," बाबा म्हणाले.

"तुमाले राग नाई आला?"

बाबांनी पाण्याचा गडू खाली ठेवला. ते हळू बोलत, पण त्या दिवशी त्याहूनही हळू बोलले. "तुह्या कामाची मले लाज नाई वाटली. काम चांगलं करतं तू, ते मी पायलं. मी पारीवर साऱ्याइले सांगून रायलो होतो आन तू बाजूले उभा राहून आयकत होता. तुह्या तोंडातून एक शबद नाई निघाला. त्याची वाटली."

"मंग तुमी काऊन नाई सांगितलं? गोंदियाहून आल्यावर?"

"मी कायले सांगू? माही गोष्ट हाय का ते?"

मायनं माझ्या हातावर आणखी एक भाकर ठेवली, मी मागितली नसताना. मग दादानं भाकर खाल्ली, सगळी, आणि पाणी प्यायला.

संध्याकाळी पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं हे ठरवायला सगळे पारीवर जमत. आम्हीही हातपाय धुऊन तिकडूनच घरी निघालो होतो. दादा थांबला. त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की तो पुलाच्या कामावर नाही, गोंदियात एका खेळाच्या जागी टेबलं सांभाळतो, त्या खेळालाच पूल म्हणतात, आणि बाबांना ते त्यानं सांगितलं नव्हतं. बोलताना त्याचे कान लाल झाले होते. दोघंतिघं हसले. कुणीतरी विचारलं, हा खेळ पैसे लावून खेळतात का, तर तो म्हणाला, आमच्याकडे मास्टरजी लावू देत नाही. आमच्या वाड्यातला सगळ्यात म्हातारा तुकाराम आजा कानामागं हात धरून हे सगळं ऐकत होता.

"मंग तो पूल कोन बांधून रायला?" त्यानं विचारलं.

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. गेले कित्येक महिने सगळ्या गावाला पुलाची बातमी होती ती बाबांकडून, आणि बाबांना ती होती दादाकडून. पूल सुरू झाला आहे की नाही हेही कुणी जाऊन पाहिलेलं नव्हतं. तो पुढं बांधला गेला, त्यावरून मी कितीदा गेले आहे, पण त्या संध्याकाळी तो असल्याची खात्री आमच्यापैकी कुणालाच देता आली नसती.

घरी जाताना बाबा पुढं, दादा त्यांच्या मागं, मी आणि माय शेवटी. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना नुकतं रोवलेलं धान. दादाची पावलं हळूहळू मागं पडत चालली होती. विहिरीपाशी आल्यावर बाबा थांबले, तो बरोबरीला येईपर्यंत थांबून राहिले.

"ते टेबल," ते म्हणाले, "कापडाखाली काय हाय? लाकूड का दगड?"

"दगड. मोठी फरशी हाय, बाबा. तीन तुकडे राहते एका टेबलात."

"आन तेवढा दगड वर नेला कसा? जिना तं हा एवढा."

दादानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, खरंच विचारताहेत की काय म्हणून. मग तो सांगू लागला. खिडकी कशी काढली, कप्पी कुठं बांधली, पहिला तुकडा उलटा फिरला तेव्हा खाली कोण कोण होतं, आणि वर नेल्यावर तिन्ही तुकडे एका पातळीत आणायला कसे दोन दिवस लागले. आम्ही घरी पोचलो तरी तो सांगतच होता. मायनं ताटं वाढली, बाबा पाटावर बसले, आणि हातातला घास तसाच धरून म्हणाले, "कप्पी एकच होती का दोन?"